ग्रंथी आणि शिवार

शंकाकार : खामगाव, चिखली, मेहकर किंवा मलकापूर यांपैकी कोणत्याही बाजारपेठेच्या गावी जाऊन तेथील रक्ततपासणीचे अहवाल वाचू लागलो, तर माणसाच्या सर्व दुःखांचे मूळ त्याच्या ग्रंथींतच आहे असा समज व्हावा, इतका या संप्रेरकांच्या शास्त्राचा अंमल अलीकडे आपल्या बोलण्यावर बसला आहे. जी स्त्री थकते तिचा ‘थायरॉईड निघतो’, ज्या मुलीची पाळी लांबते तिला ‘पीसीओडी’ होते, आणि ज्याला रात्र रात्र झोप नाही अशा कापूस पिकविणाऱ्या माणसाला शहरातला एखादा सुशिक्षित नातलग सांगतो, की तुमचे कॉर्टिसोल वाढले असेल. या शास्त्रातले शोध खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप असा, की ज्याचे कारण उघडपणे घराबाहेर, शिवारात, बाजारात आणि सावकाराच्या वहीत आहे, ते दुःख कातडीच्या आत नेऊन बसविण्याची विलक्षण सोय या शास्त्राने करून दिली आहे. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत बुलढाणा होता, आणि ती मदत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे द्यावी लागली होती. त्या घरांतील कर्त्या पुरुषाच्या अधिवृक्क ग्रंथींतून काय पाझरत होते हे मोजून त्याच्या कर्जाविषयी आपल्याला नवे काय समजले असते?

पुरस्कर्ता : आपण बाहेर आणि आत अशी जी भिंत उभी करता, ती पाडण्याचेच काम या शास्त्राने केले आहे, आणि म्हणून त्याच्या आरंभापासून सांगणे मला भाग आहे. 1902 च्या जानेवारीत लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग त्याच्या सर्व मज्जातंतूंपासून तोडून वेगळा केला, आणि त्यात सौम्य आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. तंतूंची वाट बंद असताना निरोप पोहोचला, तेव्हा तो रक्तातूनच गेला असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले, आणि तीन वर्षांनी स्टार्लिंगने अशा द्रव्यांना हॉर्मोन हे नाव दिले. पण या गोष्टीचा दाखला घेण्यासाठी लंडनला जाण्याचेही कारण नाही. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गोठ्यात म्हैस पान्हा सोडते तो वासराच्या स्पर्शाने, कधी नुसत्या दर्शनाने, आणि धार काढणारा माणूस बदलला किंवा जवळ कुत्रे भुंकले तर ती तोच पान्हा चोरते, हे शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वासरू दिसणे ही बाहेरची घटना होय. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिकेतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, कासेतील सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात आणि दूध खाली येते; भय उत्पन्न झाले तर अधिवृक्क ग्रंथीचे अॅड्रिनॅलिन त्याच्या आड येते. बाहेरचे जग शरीरात शिरते त्या वाटांपैकी एक मोठी वाट म्हणजे संप्रेरके. तेव्हा कर्जाचा तगादा माणसाच्या आत कोणत्या मार्गाने जातो हे जो शोधतो, तो कर्ज नाकारतो असे आपण का समजावे?

शंकाकार : कारण ती वाट एकदा सापडली की तिच्यावरच चौकी बसविण्याचा मोह अनावर होतो. आपण पान्ह्याचे उदाहरण दिलेत, आणि त्याच पान्ह्याचे पुढे काय झाले हेही आपण जाणता. वासरू मेले किंवा विकले, तरी म्हशीला सुई टोचून दूध काढता येते असे कळल्यावर गावोगाव ती सुई पोहोचली, आणि सरकारला त्या औषधाच्या विक्रीवर निर्बंध घालण्याची वेळ आली. ज्ञानाने वासराची गरज समजावून दिली खरी, परंतु व्यवहारात त्याच ज्ञानाने वासरू अनावश्यक करून टाकले. माणसांच्या बाबतीत आपण हेच करीत नाही कशावरून?

पुरस्कर्ता : काही ठिकाणी करतो, हे मी मान्य करतो. पण या ज्ञानाने प्राण वाचविल्याची एक हकीकत मी आपल्यापुढे ठेवतो, आणि तीही आपल्याच मुलखातली. बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाड परिसरात वैद्यकी करू लागले, तेव्हा तेथे लाल विंचवाच्या दंशाने तरुण माणसे आणि मुले मरत होती. दंश झालेल्याला घाम सुटे, हातपाय थंडगार पडत, रक्तदाब प्रथम भरमसाट चढे, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तो दगावे. विंचवाचे विष थेट हृदयाचा नाश करते असे मानून उपचार होत. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णांच्या खाटेशी बसून हे ओळखले, की विष शरीराच्या स्वतःच्याच अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा महापूर आणते, आणि मारतो तो हा पूर. त्या पुराचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम अडविणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरले, आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. पूर्वी मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात जाई, ते पुढे 3 टक्क्यांच्या आत आले. यात विंचू बाहेरचा, दगडाखाली हात घालावयास लावणारी मजुरी बाहेरची, आणि अनवाणी पाय हाही दारिद्र्याचाच दाखला. तरीपण त्या रात्री मुलाचे प्राण वाचले ते आतली यंत्रणा कोणा एकाला नेमकी कळली म्हणून. दारिद्र्य हटेपर्यंत त्या मुलाने थांबावे असे आपण म्हणणार नाही.

शंकाकार : म्हणणार नाही. विंचवाच्या बाबतीत मी आपल्यापुढे नमतो, आणि ते मनापासून. तेथे कारण एक, कार्य एक, आणि उपचार खरा की खोटा याचा निवाडा पहाटेपर्यंत होतो. माझी शंका जेथे असा निवाडा कधीच होत नाही त्या प्रांतातली आहे. मुंबईसह आठ शहरांतील प्रौढांची एक पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली, तीत जवळजवळ 11 टक्के लोकांची अवटू, म्हणजे थायरॉईड, ग्रंथी मंद असल्याचे आढळले, आणि आणखी सुमारे 8 टक्के लोक असे निघाले की ज्यांच्या रक्तातील थायरॉक्सिन ठीक, परंतु त्या ग्रंथीला चालना देणारे पीयूषिकेचे द्रव्य, म्हणजे ज्याला सर्वजण टीएसएच म्हणतात ते, मर्यादेहून वाढलेले. या दुसऱ्या वर्गातील माणसांना आजारी म्हणावे की नाही याविषयी वैद्यांत एकमत नाही. 65 वर्षांच्या आणि त्यावरील अशाच माणसांवर युरोपात झालेला एक मोठा प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली होती, आणि वर्षभराने थकवा असो वा इतर लक्षणे, दोन्ही गटांत फरक पडला नाही. असे असता आपल्याकडे आकडा मर्यादेच्या किंचित वर गेला, की जन्मभराची गोळी सुरू होते. आपले शास्त्र शरीराकडे एखाद्या जुन्या संस्थानाच्या कारभाराप्रमाणे पाहते असे मला वाटते. सदरेवरून हुकूम सुटतात, परगण्यांनी ते बजावावयाचे, आणि ज्या परगण्याची वसुली ठरल्या आकड्याहून कमी त्याच्यावर जप्ती. तो आकडा कोणी, कोणाच्या जमिनीची मोजणी करून ठरविला हे मात्र विचारावयाचे नाही.

पुरस्कर्ता : दाखला आपण चांगला निवडलात, परंतु कारभार उलटा वाचलात, आणि माझ्या मते सगळा गैरसमज येथेच आहे. या दरबारात नुसते हुकूम नाहीत, अखंड जाबसाल आहे. मेंदूतील अधश्चेतक पीयूषिकेला निरोप देतो, पीयूषिका टीएसएच सोडून गळ्यातील अवटू ग्रंथीला जागी करते, ग्रंथी थायरॉक्सिन बनविते, आणि ते थायरॉक्सिन रक्तातून परत वर जाऊन पीयूषिकेला सांगते की आता पुरे. म्हणजे खालून वर येणारी कैफियत हीच वरच्या हुकुमाची मर्यादा ठरविते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की थायरॉक्सिन थोडेसे घटले तरी टीएसएच अनेक पटींनी वाढते. म्हणून तो आकडा अतिशय हळवा आहे, आणि हळवा असल्यामुळेच त्याच्याविषयी उतावळेपणा करू नये हे कोणताही जाणता वैद्य आपल्याला सांगेल. तो मध्यरात्रीच्या सुमारास वाढतो व दुपारी उतरतो, मोठ्या दुखण्यातून उठणाऱ्या माणसात काही काळ चढलेला राहतो, वयाबरोबर थोडा वर सरकतो. आणि थायरॉक्सिन रक्तात निम्मे होण्यास सुमारे 7 दिवस लागत असल्यामुळे, मात्रेत केलेल्या फरकाचा खरा परिणाम सहा-आठ आठवड्यांनीच दिसतो. एका तपासणीवर जन्मठेप सुनावणारा वैद्य या शास्त्राचा अपराधी आहे. त्याचे वर्तन शास्त्राच्या माथी मारू नका.

आपण ज्याला वसुली म्हणता तिचे एक भयंकर रूप मात्र मी स्वतः होऊन सांगतो, कारण जाबसाल तोडल्याने काय होते ते त्यात दिसते. सांधेदुखीवर रामबाण म्हणून ज्या बिननावाच्या पुड्या बाजारात आणि यात्रांत विकल्या जातात, त्यांतील कित्येकांत स्टेरॉईड मिसळलेले असते. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, आणि तो रुग्ण थोड्याच दिवसांत चालू लागला. पुढे दोनच वर्षांनी त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. तोच चमत्कार पुडीत भरून विकला जातो. गुडघे दुखणारी म्हातारी आठ दिवसांत कामाला लागते, घरचे लोक पुडीवाल्याला देव मानतात, आणि काही महिन्यांत तिचा चेहरा गोल होतो, कातडी कागदासारखी पातळ होते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. याहून भयंकर अशी गोष्ट, की बाहेरून आलेले द्रव्य पाहून पीयूषिका गप्प बसते, आणि वरून निरोप न आल्याने अधिवृक्क ग्रंथी सुकत जाते. मग एखाद्या दिवशी पुडी संपली, किंवा कोणी भल्या माणसाने ती एकाएकी बंद करविली, तर साध्या तापातसुद्धा ती म्हातारी रक्तदाब कोसळून जाऊ शकते. येथे ‘औषध वाईट, ते सोडा’ इतका शहाणपणा पुरत नाही. कसे सोडावे, किती संथपणे सोडावे, हे सांगावयास आत काय चालले आहे ते जाणणाराच लागतो.

शंकाकार : पुडीची हकीकत आपण सांगितलीत ती माझ्याही बाजूची आहे हे आपल्या लक्षात आले असेलच. गुडघे झिजले ते निंदणीच्या वाफ्यात वर्षानुवर्षे उकिडवे बसून, आणि त्या बसण्याला कोणी पर्याय दिला नाही म्हणून पुडी आली. तरी मी पुढे जातो. आपण हळव्या आकड्याची महती सांगितलीत. मग हा आकडा जेथे निर्विवाद उपयोगी आहे असे एक स्थळ मला दाखवा.

पुरस्कर्ता : नवजात बालकाची टाच. आपल्या देशात सुमारे हजार बालकांमागे एक बालक अशी अवटू ग्रंथी घेऊन जन्मते, की जी जन्मतःच नसते, विस्थानी असते किंवा नीट काम करीत नाही. जन्मतेवेळी ते बहुधा इतर बालकांसारखेच दिसते, कारण आईच्या थायरॉक्सिनवर त्याने नऊ महिने काढलेले असतात. पुढच्या काही आठवड्यांत मात्र त्याच्या मेंदूची वाढ खुंटू लागते, आणि जे गेले ते नंतर कितीही औषध दिले तरी परत येत नाही. पहिल्या आठवड्यात टाचेतून काढलेला रक्ताचा एक थेंब, आणि दोन आठवड्यांच्या आत सुरू केलेली थायरॉक्सिनची अत्यंत स्वस्त गोळी, एवढ्यावर ते मूल शाळेत इतरांच्या बरोबरीने बसते. 1891 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटूचा अर्क दिला तेव्हापासून ही विद्या आपल्या हाती आहे. ती स्त्री त्यानंतर 28 वर्षे जगली, आणि तेवढ्यासाठी 870 मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशेब मांडला गेला. आता मेंढी लागत नाही. रक्ताचा थेंब आणि तो वेळेवर वाचणारा माणूस लागतो. या बालकाचे आई-बाप, त्याचे शेत, त्याचे कर्ज यांची कितीही सहानुभूतीने चौकशी केली, तरी त्या थेंबावाचून त्याचा आजार कोणालाही दिसणार नाही.

शंकाकार : हे उत्तर मी संपूर्ण स्वीकारतो, आणि त्यामुळेच माझा संताप वाढतो. ज्या तपासणीविषयी कोणाचे दुमत नाही, ती आपल्या देशात प्रत्येक प्रसूतिगृहात होत नाही. आणि जिच्याविषयी मोठमोठ्या वैद्यांत वाद आहे, ती सवलतीच्या दरात, चाळीस तपासण्यांच्या जुडग्यात बांधून, ज्याच्यापाशी पैसे आहेत अशा प्रत्येक निरोगी माणसाला विकली जाते. ग्रंथींच्या विद्येत खोट नसेल, पण ती कोठे वाहते हे ठरविणारा उतार बाजाराचा आहे. आणि या विद्येने मिळविलेला सर्वांत मोठा विजय मुळी दवाखान्यात झालाच नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या कांग्रा खोऱ्यात गलगंडाने गळे सुजलेली गावेच्या गावे होती. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून त्या खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ आणि एकात साधे मीठ पुरविले, आणि काही वर्षांत फरक डोळ्यांना दिसू लागला. तेथे एकेकट्या गळ्याची चिकित्सा केली नाही. डोंगरावरच्या मातीतून पावसाने धुऊन नेलेले आयोडीन मिठाच्या वाटेने परत केले. 1962 साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो त्याच पायावर, आणि 2006 पासून खाण्यासाठी साधे मीठ विकण्यास देशभर मनाई आहे. मी म्हणतो ते हेच, की ग्रंथीचा दोष नव्हता, मातीचा होता, आणि उपाय झाला तोही मातीचाच.

पुरस्कर्ता : पण माती दोषी आहे हे सांगितले कोणी? सुजलेल्या ग्रंथीनेच ना? आयोडीन न मिळालेली ग्रंथी पीयूषिकेच्या तगाद्याखाली स्वतःला वाढविते, म्हणजे गलगंड हे त्या ग्रंथीने मातीविरुद्ध केलेले लेखी निवेदन होते, आणि ते वाचता आले म्हणूनच मिठात काय घालावयाचे ते समजले. आपल्या जिल्ह्याचेच पाहा. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला जो खारपाणपट्टा आहे, तेथील कित्येक विहिरींचे पाणी जिभेलाच खारट लागते. जो मनुष्य जन्मभर असे पाणी पितो त्याला मिठाची ददात नाही असे वाटेल, परंतु खारटपणा हे आयोडीनचे माप नव्हे. त्याला पुडक्यातील मीठ लागतेच. दुसरीकडे त्या क्षारांचा भार वाहावा लागतो तो मूत्रपिंडाला. निरोगी शरीरात मीठ फार झाले, की मीठ राखून ठेवणारे अल्डोस्टेरॉन हे अधिवृक्क ग्रंथीचे द्रव्य आपोआप घटते आणि जादा मीठ बाहेर टाकले जाते. ज्यांच्यात हा जाबसाल नीट चालत नाही त्यांचा रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब मूत्रपिंडाला झिजवितो. त्या भागात मूत्रपिंडाच्या विकारांची जी तक्रार अनेक वर्षे ऐकू येते, तिचे एकच कारण सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण मूत्रपिंड ही नुसती गाळणी नाही, तीही एक ग्रंथी आहे, एवढे सांगितले पाहिजे. रक्तातील तांबड्या पेशी बनविण्याचा निरोप तीच देते, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला त्याचे अंतिम, उपयोगी रूपही मुख्यतः तेथेच मिळते. म्हणून मूत्रपिंड निकामी झालेला मनुष्य पांढराफटक पडतो आणि त्याची हाडे दुखतात. विहिरीचे पाणी हाडापर्यंत पोहोचते ते अशा वाटेने. ही वाट ज्याला माहीत नाही, तो त्या माणसाला लोहाच्या गोळ्या देत राहील आणि गुण का येत नाही म्हणून चकित होईल.

शंकाकार : आपण शेगावचे नाव काढलेत, तेव्हा त्याच तालुक्यातील अलीकडचे प्रकरण टाळून आपल्याला पुढे जाता येणार नाही. 2024 च्या डिसेंबरपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अकस्मात गळू लागले, आणि थोड्या दिवसांत टक्कल पडू लागले. बायका, पुरुष, मुले, कोणीही त्यातून सुटले नाही. प्रथम बुरशीचा संशय घेतला, मग पाण्यात नायट्रेट जास्त निघाले म्हणून पाण्याकडे बोट गेले, भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेचे पथक आले, आणि पुढे, आपण मघाशी ज्यांचा गौरव केला त्याच डॉ. बावस्करांनी, रेशनच्या दुकानातून आलेल्या पंजाबाकडच्या गव्हात सेलेनियम फार असल्याचे सांगितले. ज्या मातीत सेलेनियम विपुल असते असे काही पट्टे पंजाबात आहेत हे कृषिशास्त्राला पूर्वीपासून ज्ञात आहे. आता विचार करा, की हेच केस एकट्यादुकट्या स्त्रीचे, सावकाश गळले असते, तर काय झाले असते? तिला कोणीतरी थायरॉईड तपासावयास सांगितले असते, आकडा थोडा इकडेतिकडे निघाला असता, गोळी सुरू झाली असती, आणि गव्हाकडे कोणाचेही लक्ष गेले नसते. गावेच्या गावे एकदम नागवली गेली म्हणून बाहेरचे कारण दिसले. जी दुःखे अशी गावाने मिळून होत नाहीत, एकेकट्याने, वेगवेगळ्या घरांत होतात, त्यांचे बाहेरचे कारण आपल्या पद्धतीने कधी दिसेल?

पुरस्कर्ता : हा आपला सर्वांत बळकट आक्षेप आहे, आणि मी त्याला पुरते उत्तर देऊ शकेन असे मला वाटत नाही. पण त्यात एक गोष्ट मिळवितो. सेलेनियम आणि अवटू ग्रंथी यांचा संबंध योगायोगाचा नाही. थायरॉक्सिन हे बव्हंशी साठ्याचे रूप. त्याचे एक आयोडीन काढून त्याला कार्यक्षम करणारी जी विकरे शरीरात आहेत, त्यांच्या रचनेत सेलेनियम असते, आणि वजनाच्या मानाने अवटूत ते इतर अवयवांहून अधिक सापडते. मध्य आफ्रिकेतील तेव्हाच्या झाईरे देशात, जेथे मातीत आयोडीन आणि सेलेनियम या दोहोंची वाण होती, तेथे 1990 च्या सुमारास काही वैद्यांनी गलगंडी मुलांना सद्हेतूने सेलेनियम दिले. आयोडीनशिवाय नुसते सेलेनियम मिळताच त्यांतील कित्येकांचे थायरॉक्सिन आणखी घटले, कारण साठा खर्च करणारी विकरे कामाला लागली आणि साठा भरणारे आयोडीन तर नव्हतेच. एक उणीव दुसरीला आवर घालून होती. या एका अनुभवातून मी जे शिकतो ते आपल्या मतापासून फार दूर नाही : शरीरातील एक आकडा हाती धरून तो दुरुस्त करावयास जाणारा, बाकीच्यांचा हिशेब न पाहील, तर अपाय करील. पाण्यातील नायट्रेटही अवटूत आयोडीन शिरण्याला अडथळा करते. खारे, नायट्रेटयुक्त पाणी, दूरच्या प्रांतातील मातीत पिकलेला गहू, पुडक्यातील मीठ आणि कापसाच्या हंगामातले श्रम, इतके सगळे एका गळ्याशी येऊन मिळते. त्यातील कशाचा किती वाटा, हे आज कोणी निश्चितपणे सांगू शकत नाही.

शंकाकार : मग ‘तुझी ग्रंथी बिघडली’ असे तरी कोणत्या निश्चयाने सांगतात? आणि कित्येकदा तर ग्रंथीवर घाव घालणारे कारण इतके उघडे असते, की त्याला विज्ञान लागतच नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या 82,000 हून अधिक स्त्रियांची राज्य शासनाच्या समितीने 2019 साली माहिती घेतली, तेव्हा 13,000 हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीवरही शस्त्रक्रिया सुचविणारे लोक तयार. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, किंवा पुढे ते लवकर थकले, तर तिशी-पस्तिशीतल्या त्या स्त्रीची इस्ट्रोजेनची धार तुटते, हाडे वेळेआधी झिजतात, अंगाची आग होते, झोप जाते. मग ती हीच लक्षणे घेऊन एखाद्या दवाखान्यात जाईल, आणि तेथे तिला संप्रेरकांचा असमतोल झाल्याचे सांगतील! तो असमतोल मुकादमाच्या वहीत सुरू झाला होता हे कोणत्या अहवालात लिहितात?

पुरस्कर्ता : लिहीत नाहीत, आणि लिहिले पाहिजे. तरी त्या स्त्रीला आज इस्ट्रोजेन द्यावे की नाही, तिच्या हाडांसाठी काय करावे, हा प्रश्न मुकादमाला शिक्षा झाली तरी शिल्लक राहतो, हे आपण नाकारू शकणार नाही. आणि काही अन्याय तर असे आहेत, की ज्यांना आरोपी म्हणून उभे करण्यासही प्रथम संप्रेरकेच मोजावी लागली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घ अभ्यास चालविला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडमधील बालकांचे साडेतीन. परंतु आपल्या या लहानखुऱ्या बालकांत स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळजवळ तितकीच. पुढे असे दिसले, की ज्या मातांत बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची वृत्ती अधिक होती. म्हणजे चाळिशीत ज्याला ‘शुगर’ निघते, त्याच्या दुखण्याचा एक धागा त्याच्या आईच्या ताटापर्यंत जातो. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. ते सगळे आळशी आणि गोडखाऊ आहेत असे म्हणणाऱ्याला खोटे पाडले ते या मोजमापांनीच. आपण म्हणाल त्याहून अधिक आग्रहाने हे मोजमाप बाहेरच्या जगाकडे बोट दाखविते. मात्र ते दाखवावयास तीस वर्षे लागतात, आणि दवाखान्यात आलेल्या माणसाला उत्तर आज हवे असते.

शंकाकार : तर मग असेच एक माणूस आपण समोर घेऊ, म्हणजे तत्त्वांच्या आड कोणालाच लपता येणार नाही. सिंदखेडराजाच्या बाजूची एक तिशीतील मजूर स्त्री. थकवा आहे, केस गळतात, पाळी अनियमित आहे. टीएसएच 7 निघाले, थायरॉक्सिन ठीक आहे. आपण काय करता?

पुरस्कर्ता : गोळी लगेच देत नाही. तिचे हिमोग्लोबिन पाहतो, बी-12 पाहतो, मीठ कोणते वापरते, पाणी कोठले पिते, कोणती पुडी किंवा कोणाचे औषध चालू आहे ते विचारतो, आणि दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासतो, कारण असे कित्येक आकडे दुसऱ्या खेपेस आपोआप खाली आलेले असतात. याला एक मोठा अपवाद. तिला मूल हवे असेल, किंवा दिवस गेले असतील, तर थांबत नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो.

शंकाकार : आणि दोन-तीन महिन्यांनी ती आपल्याला सापडेल असे आपण कशावरून धरता? दिवाळी झाली की ती रोजगारासाठी जिल्ह्याबाहेर गेलेली असेल. तिला दिवस गेले आहेत की नाहीत हे तिचे तिलाही तोवर समजलेले नसेल. आपला संयम ज्याचे घर, दवाखाना आणि पाणी वर्षभर एकच आहे त्याच्यासाठी योग्य आहे.

पुरस्कर्ता : म्हणजे आता आपणच मला सांगता, की गोळी आजच द्यावी?

शंकाकार : मी तसे म्हणत नाही, आणि देऊ नये असेही आता मला निःशंकपणे म्हणता येत नाही. दिली, तर ती रिकाम्या पोटी, पहाटे फडावर निघण्यापूर्वी, लोहाच्या गोळीपासून चार तास दूर ठेवून घ्यावी हे तिला कोण सांगणार, आणि संपल्यावर ती कोठून आणणार? न दिली आणि तिला दिवस गेले असले, तर त्या मुलाचे आपण काय लागतो?

पुरस्कर्ता : तिला विचारल्यावाचून मी यातले काहीच ठरविणार नाही. तिचा कागद तिच्याच हाती देईन, त्यावर मात्रा, पुढल्या तपासणीचा महिना आणि कारण मराठीत लिहीन, म्हणजे ती ज्या गावी असेल तेथील वैद्याला तो वाचता येईल.

शंकाकार : आणि त्या कागदावर विहिरीचे नाव लिहाल?

पुरस्कर्ता : लिहीन. त्याचे पुढे काय करावयाचे हे तो वाचणाऱ्या वैद्याला ठाऊक असेल, अशी खात्री मात्र मी देऊ शकत नाही.